भूगोल, स्मृती आणि स्पर्धा : अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलमधील २००२ ची गटपुनर्रचना

प्रस्तावना

क्रीडास्पर्धेतील गटरचना ही वरवर पाहता केवळ व्यवस्थापनाची बाब वाटते. कोणता संघ कोणत्या गटात खेळणार, एवढेच तिच्यातून ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः कोणत्या दोन गावांनी वर्षानुवर्षे एकमेकांसमोर उभे राहायचे आणि कोणत्या गावांचा संबंध तुटायचा, हेही तीच ठरवते. अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीग या व्यावसायिक संघटनेने २००२ च्या हंगामापासून आपल्या सर्व संघांची नव्याने विभागणी केली. भौगोलिक सान्निध्य आणि पारंपरिक वैर यांना या विभागणीत मध्यवर्ती स्थान होते. या पुनर्रचनेची कारणे, तिचे स्वरूप आणि तिचे परिणाम स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

येथे 'फुटबॉल' म्हणजे आपल्याकडे पायाने खेळला जाणारा खेळ नव्हे. लंबगोल चेंडू हाती घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत मुसंडी मारण्याचा तो अमेरिकन खेळ आहे. या खेळात संघ साधारणपणे आठवड्याला एकच सामना खेळतो. त्यामुळे हंगामातील सामन्यांची संख्या अल्प असते आणि प्रत्येक सामन्याचे मोल मोठे असते. कोणाशी किती वेळा खेळायचे, हा प्रश्न तेथे इतका कळीचा होतो, याचे कारण हेच.

पूर्वस्थिती : चिठ्ठीतून निघालेला नकाशा

१९७० मध्ये नॅशनल फुटबॉल लीग आणि तिची प्रतिस्पर्धी अमेरिकन फुटबॉल लीग यांचे विलीनीकरण पूर्ण झाले. एकूण २६ संघांची अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन कॉन्फरन्समध्ये, प्रत्येकी १३ याप्रमाणे, विभागणी झाली. नॅशनल कॉन्फरन्समधील संघमालकांचे मात्र गटरचनेवर एकमत होईना. अखेर आयुक्त पीट रोझेल यांनी पाच पर्यायी आराखडे चिठ्ठ्यांवर उतरवून फुलदाणीत टाकले आणि आपल्या सचिव महिलेला त्यांतील एक चिठ्ठी उचलण्यास सांगितले. निघालेल्या चिठ्ठीनुसार आग्नेयेकडील अटलांटा आणि दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स हे संघ 'पश्चिम' गटात गेले, तर टेक्सास राज्यातील डॅलस 'पूर्व' गटात गेले. एका चिठ्ठीने काढलेला हा नकाशा मूळ स्वरूपात पुढे ३२ वर्षे टिकला.

दरम्यान संघांची संख्या वाढत गेली आणि काही संघांनी शहरेही बदलली. सेंट लुईसचा कार्डिनल्स संघ १९८८ मध्ये ॲरिझोनाच्या वाळवंटी प्रदेशात गेला, तरी त्याचे स्थान 'पूर्व' गटातच राहिले. परिणामी फिनिक्स परिसरातील या संघाला सुमारे ३,४०० किलोमीटर दूर असलेल्या न्यूयॉर्क जायंट्सशी दरवर्षी दोनदा खेळावे लागे. २००१ मध्ये नॅशनल कॉन्फरन्सच्या पश्चिम गटातील पाच संघांपैकी पॅसिफिक किनाऱ्यावरचा संघ फक्त सॅन फ्रान्सिस्कोचा होता. १९९९ मध्ये क्लीव्हलँडला पुन्हा संघ मिळाला आणि संघसंख्या ३१ झाली. संख्या विषम असल्याने दर आठवड्याला किमान एका संघाला विश्रांती देणे भाग पडे. शिवाय एका गटात सहा आणि उरलेल्या पाच गटांत प्रत्येकी पाच संघ, अशी विषमता निर्माण झाली. ह्यूस्टनला ३२ वा संघ देण्याचे ठरल्यावर पुनर्रचना अटळ झाली.

पुनर्रचनेचे स्वरूप

मे २००१ मध्ये संघमालकांनी नव्या आराखड्यास एकमताने मंजुरी दिली. सहा गटांऐवजी आठ गट झाले. दोन्ही कॉन्फरन्समध्ये पूर्व, उत्तर, दक्षिण आणि पश्चिम असे चार गट आणि प्रत्येक गटात चार संघ, अशी समतोल मांडणी अस्तित्वात आली. अटलांटा, कॅरोलिना, न्यू ऑर्लिन्स आणि टॅम्पा बे हे संघ नॅशनल कॉन्फरन्सच्या दक्षिण गटात एकत्र आले. ॲरिझोना पश्चिमेकडे आले. वायव्येकडील सिॲटल हा कॉन्फरन्स बदलावी लागलेला एकमेव संघ होय.

१९७० मध्ये जे एकमत चिठ्ठीवाचून साधले नाही, ते २००१ मध्ये कसे साधले, याचा विचार आवश्यक आहे. दूरचित्रवाणीच्या राष्ट्रीय करारांचे उत्पन्न या लीगमध्ये सर्व संघांत समान वाटले जाते. तिकीटविक्रीतील पाहुण्या संघाचा वाटाही २००२ पासून एकत्र करून समान वाटण्याचा निर्णय पुनर्रचनेच्या मंजुरीपूर्वीच झाला होता. मोठ्या प्रेक्षागारांच्या शहरांशी संबंध सुटला तरी त्यामुळे होणारे आर्थिक नुकसान मर्यादित राहणार होते. भूगोलाचा आदर करणे परवडू लागले, ते या वाटपामुळे.

अंतर की आठवण?

नव्या रचनेचे बारकाईने निरीक्षण केल्यास तिच्यात भूगोलाचा नियम सरसकट लावलेला नाही, असे दिसते. डॅलस आणि न्यूयॉर्क यांत सुमारे २,२०० किलोमीटरचे अंतर आहे. तरीही डॅलस 'पूर्व' गटातच ठेवण्यात आले, कारण वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क जायंट्स यांच्याशी त्याचे वैर १९६० च्या दशकापासून चालत आले होते. फ्लोरिडातील मायामीही बफेलो, न्यू इंग्लंड आणि न्यूयॉर्क जेट्स यांच्या सहवासात राहिले. याउलट शिकागो आणि ग्रीन बे यांच्या बाबतीत अंतर आणि आठवण यांत संघर्षच नव्हता. सुमारे ३०० किलोमीटरच्या टापूतील हे दोन संघ १९२१ पासून एकमेकांशी झुंजत आले आहेत.

अमेरिकन कॉन्फरन्सचा उत्तर गट या दृष्टीने विशेष बोलका आहे. क्लीव्हलँडचा मूळ संघ १९९६ मध्ये मालकाने बाल्टिमोरला नेला. शहराच्या प्रखर विरोधानंतर संघाचे नाव, रंग आणि इतिहास क्लीव्हलँडकडेच राखले गेले. १९९९ मध्ये त्याच नावाने संघ पुन्हा उभा राहिला. २००२ च्या रचनेत क्लीव्हलँड, पिट्सबर्ग, सिनसिनाटी आणि बाल्टिमोर एकाच गटात राहिले. ज्या शहराने आपला संघ नेला, ते शहर दरवर्षी दारात येते. हे वैर केवळ अंतराचे नाही, ते दुखावलेपणाचेही आहे. ह्यूस्टनचीही स्थिती अशीच. त्याचा जुना संघ १९९७ मध्ये टेनेसीला गेला होता. नवा संघ मिळाल्यावर तोच टेनेसी त्याच्या गटात आला.

परिणाम आणि आक्षेप

भौगोलिक वैराला केंद्रस्थानी मानणाऱ्या या पुनर्रचनेने गटांतर्गत सामन्यांची संख्या वाढवली नाही, उलट घटवली. पाच संघांच्या गटात १६ पैकी ८ सामने गटातील प्रतिस्पर्ध्यांशी होत. चारच्या गटात ते ६ झाले. २०२१ पासून हंगाम १७ सामन्यांचा झाल्यावरही ही संख्या ६ च आहे. मोकळ्या झालेल्या सामन्यांतून अन्य गटांशी फिरत्या क्रमाने लढती ठरवता आल्या आणि प्रत्येक संघाची उर्वरित प्रत्येक संघाशी किमान चार वर्षांतून एकदा गाठ पडू लागली. पूर्वी काही जोड्यांच्या भेटींत अनेक वर्षांचे अंतर पडत असे.

गटाने नवे वैर निर्माण होते का? सिॲटलचे उदाहरण होकारार्थी आहे. डेन्व्हर, कॅन्सस सिटी यांच्याशी असलेला त्याचा वार्षिक संबंध संपला. सॅन फ्रान्सिस्कोशी नवे नाते लगेच तापले नाही. परंतु दशकभरानंतर, जानेवारी २०१४ मध्ये, कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात सिॲटलने सॅन फ्रान्सिस्कोला २३–१७ असे नमवले, तेव्हा ही लढत लीगमधील सर्वांत तीव्र लढतींपैकी एक मानली जात होती. मात्र गट म्हणजेच वैर, असेही नाही. इंडियानापोलिस आणि न्यू इंग्लंड २००२ मध्ये वेगळ्या गटांत गेले, तरी पेटन मॅनिंग आणि टॉम ब्रेडी यांच्या काळात त्यांची झुंज अधिकच रंगली.

या रचनेवरील मुख्य आक्षेप न्यायाचा आहे. गट लहान असेल तर दुबळा संघही गटविजेता ठरू शकतो. २०१० च्या हंगामात सिॲटल ७ विजय आणि ९ पराभव अशा कामगिरीवर गटविजेते ठरले आणि ११ विजय मिळवलेल्या न्यू ऑर्लिन्सला बाद फेरीत त्यांच्या मैदानावर यावे लागले. सामना सिॲटलने ४१–३६ असा जिंकला. याउलट २००८ मध्ये ११ सामने जिंकूनही न्यू इंग्लंडला बाद फेरी गाठता आली नाही. शेजाऱ्यांच्या स्पर्धेला महत्त्व द्यायचे, तर गुणवत्तेच्या काटेकोर क्रमवारीला मुरड घालावी लागते.

भारतीय संदर्भात हाच पेच २००२ मध्येच, परंतु उलट दिशेने सोडवला गेला, हा योगायोग लक्षणीय आहे. रणजी करंडक स्पर्धा १९३४–३५ पासून विभागीय पद्धतीने खेळली जात होती. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र यांची दरवर्षी गाठ पडे. २००२–०३ पासून एलिट आणि प्लेट अशी गुणवत्ताधिष्ठित विभागणी आली. एकतर्फी सामने टळावेत, हा तिचा हेतू रास्त होता. परंतु मुंबई आणि महाराष्ट्र यांची दरवर्षीची भेट त्यानंतर गृहीत धरता येईना.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल, की भौगोलिक वैर ही नकाशावर मोजता येणारी वस्तू नाही. अंतर तिला अनुकूल असते, परंतु ती घडते पुनःपुन्हा होणाऱ्या भेटींतून. १९७० च्या चिठ्ठीने डॅलसला पूर्वेकडे ठेवले, तो निव्वळ योगायोग होता. २००२ पर्यंत मात्र तो योगायोग परंपरा बनला होता आणि ती मोडण्यास कोणी धजावले नाही. पुढे २०१६ मध्ये सेंट लुईसचा संघ लॉस एंजेलिसला परतला, तेव्हा 'पश्चिम' गट नावाप्रमाणे पश्चिमेचा झाला. मात्र सेंट लुईसच्या प्रेक्षकांना तेथे कोणाशी वैर धरायलाही आपला संघ उरला नाही. गटरचना नियोजकांच्या हाती असते. तिच्यातून रुजणारी आपुलकी आणि ईर्षा मात्र प्रेक्षकांची असते, याचे भान कोणत्याही पुनर्रचनेत ठेवणे अगत्याचे आहे.