महाडचा सत्याग्रह
महाडचा सत्याग्रह : सार्वजनिक पाणवठ्यावरील समान हक्कासाठी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली १९२७ मध्ये महाड (तत्कालीन कुलाबा, विद्यमान रायगड जिल्हा) येथे झालेला लढा. वंशभेद व जातिभेद या दोन्ही व्यवस्था माणसाची योग्यता जन्मावरून ठरवितात. जात म्हणजे वंश नव्हे, असे आंबेडकरांनी ॲनिहिलेशन ऑफ कास्ट (१९३६) मध्ये प्रतिपादिले. तथापि पाणी, वसती, शिक्षण इत्यादींवरील निर्बंधांचे स्वरूप दोहोंत पुष्कळसे सारखे आढळते.

पार्श्वभूमी : महाड हे तालुक्याचे ठिकाण व जुनी बाजारपेठ. पोलादपूरकडील डोंगराळ गावांतील लोकही कामानिमित्त तेथे येत. शहरातील चवदार तळे नगरपालिकेच्या मालकीचे होते. त्यावर अहिंदूंना मज्जाव नव्हता. अस्पृश्यांना मात्र होता. सीताराम केशव बोले यांनी मांडलेल्या ठरावान्वये मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव केला; परंतु तो कागदावरच राहिला.

घटनाक्रम : रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस प्रभृतींच्या पुढाकाराने १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे परिषद भरली. दुसऱ्या दिवशी प्रतिनिधी मिरवणुकीने तळ्यावर गेले व पाणी प्याले. नंतर ते वीरेश्वर मंदिरात शिरणार, अशी अफवा उठून त्यांच्यावर हल्ले झाले. आंबेडकरांनी अनुयायांना प्रतिकारापासून परावृत्त केले. सनातन्यांनी पंचगव्याने तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह योजिला असता विरोधकांनी तळे खाजगी असल्याचा दावा करून न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. २५ डिसेंबर रोजी परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले व सर्व माणसे जन्मतः समान आहेत, असा हक्कांचा जाहीरनामा स्वीकारण्यात आला. आंबेडकरांनी या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. न्यायालयाचा मान राखून सत्याग्रह तहकूब झाला व तळ्याभोवती केवळ मिरवणूक काढण्यात आली.

न्यायनिर्णय : सुमारे दहा वर्षे चाललेल्या या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी विरोधकांचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना वगळण्याची अनादी वहिवाट सिद्ध झाली नाही, हे त्याचे मुख्य कारण होते. म्हणजेच वहिवाट सिद्ध झाली असती, तर निकाल वेगळा लागण्यास वाव होता. समता हे स्वयंभू तत्त्व म्हणून या निर्णयाचा आधार नव्हते. ते स्थान तिला भारतीय संविधानाने दिले. अनुच्छेद १५ ने विहिरी व तलाव यांच्या वापरातील भेदभावास मनाई केली, तर अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली.

महत्त्व : तळ्याचे पाणी प्याल्याने आपण अमर होणार नाही, आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करावयाचे आहे, अशी आंबेडकरांची भूमिका होती. समान हक्क प्रत्यक्ष बजावून विषमता उघडी पाडण्याची अशीच रीत अमेरिकेतील ग्रीन्सबरो येथे १९६० मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी उपाहारगृहात बसून अवलंबिली. मात्र हक्क नोंदला गेल्याने व्यवहार आपोआप बदलत नाही. संविधान लागू झाल्यावर दोन दशकांनी, १९७२ मध्ये, बाबा आढाव यांना ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ महाराष्ट्रात सुरू करावी लागली, हे त्याचे प्रमाण होय.