एम.लिब.विषयी जे बोललं जातं आणि जे खरं आहे

‘पुस्तकं द्यायची, परत घ्यायची, शिक्का मारायचा, त्याला पदव्युत्तर पदवी कशाला?’ ग्रंथालय आणि माहितीशास्त्राच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्याने हा प्रश्न घरात, नात्यात, कधी नोकरीच्या मुलाखतीतही ऐकलेला असतो. विचारणाऱ्याला ग्रंथालयातलं फक्त देवघेवीचं टेबल दिसलेलं असतं, म्हणून तो असं विचारतो. त्या टेबलावरचं काम शिकायला पदवी लागत नाही, हे मान्यच आहे. पण हवं ते पुस्तक, लेख किंवा कागद त्या टेबलापर्यंत सापडून येतो, तो कशामुळे? एम.लिब.चा अभ्यास या प्रश्नाचा आहे.

राम गणेश गडकरी यांचंच पाहा. नाटकं त्यांच्या स्वतःच्या नावावर, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेखन ‘बाळकराम’ या नावाने. एखाद्या विद्यार्थ्याने तालिकेत ‘गडकरी’ शोधलं तर त्याला कवितासंग्रहही समोर यायला हवा. आपोआप तो येत नाही. ही तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत, असं कुणीतरी पडताळून, ठरावीक पद्धतीने नोंदवून ठेवलेलं असावं लागतं. मराठीत टोपणनावांची परंपरा इतकी मोठी की हे काम एका लेखकापाशी संपतच नाही.

पुढची अडचण लेखनाची. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा पहिला खंड १८९८ साली छापला गेला तो ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या नावाने, शेवटच्या दोन शब्दांवरच्या अनुच्चारित अनुस्वारांसकट. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी असे अनुस्वार काढून टाकले. आजची विद्यार्थिनी शोधताना ते टाइप करणार नाही, आणि संगणकाला मात्र ‘साधनें’ आणि ‘साधने’ हे दोन वेगळे शब्द वाटतात. शीर्षकपृष्ठावरचं नाव जसंच्या तसं नोंदवायचं, की आजच्या लेखनाप्रमाणे दुसरी नोंदही जोडायची? हा निर्णय तालिका करणाऱ्याला घ्यावा लागतो. तो चुकला तर पुस्तक कपाटात असूनही नसल्यासारखं होतं.

याहून अवघड भाग डोळ्यांना दिसतही नाही. ‘दऱ्या’ या शब्दातलं अर्धं ‘ऱ’ संगणकात दोन वेगळ्या प्रकारे साठवता येतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत त्यांचे संकेत वेगळे असतात. एका प्रकारे टाइप केलेली नोंद दुसऱ्या प्रकारे शोधणाऱ्याला मिळत नाही. काही प्रणाली त्यातला अदृश्य जोडसंकेत गाळून टाकतात आणि डोंगरातल्या ‘दऱ्या’चा समुद्र, म्हणजे ‘दर्या’, होऊन बसतो. मराठीची हजारो जुनी पुस्तकं आज स्कॅन होत आहेत, ही फार चांगली गोष्ट आहे. पण त्यांच्या नोंदी करणाऱ्याला या खाचाखोचा माहीत नसतील तर त्या पुस्तकांची नुसती छायाचित्रं साठतील. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ साली प्रसिद्ध केली. संगणक नसताना एका माणसाने हाती घेतलेलं ते काम आजही अभ्यासकांना लागतं. त्याच शिस्तीची माणसं आता डिजिटल नोंदींसाठी हवी आहेत, आणि ती पुरेशी नाहीत, याची मला खरोखर काळजी वाटते.

दुसरा समज: ‘वाचनाची आवड असली की झालं.’ आवड असावीच. पण इथे स्वतः वाचण्यापेक्षा दुसऱ्याला काय हवं आहे ते ओळखणं महत्त्वाचं असतं. ‘शेतीवरची पुस्तकं कुठे आहेत?’ असं विचारणाऱ्याला बहुधा कपाशीवरच्या बोंडअळीचा बंदोबस्त हवा असतो. दोन-तीन नेमके प्रश्न विचारून मूळ गरजेपर्यंत पोचणं ही शिकण्याची आणि सरावाची गोष्ट आहे. अभ्यासक्रमात संदर्भसेवेचा भाग असतो तो त्यासाठीच.

‘हे कला शाखेवाल्यांचं काम’ असंही म्हटलं जातं. प्रत्यक्षात प्रवेश कोणत्याही शाखेच्या पदवीधराला मिळतो, आणि या शास्त्राचा आपल्याकडचा सर्वांत मोठा माणूस गणिताचा होता. शियाळी रामामृत रंगनाथन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून आले. त्यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं १९३१ साली, तर द्विबिंदू वर्गीकरण १९३३ साली प्रसिद्ध झालं. विषय एकाच खणात न कोंबता त्याचे पैलू वेगळे करायचे, ही त्यांची कल्पना. ‘सोलापूर जिल्ह्यातल्या द्राक्षांवरचे रोग’ या विषयात पीक, समस्या आणि ठिकाण हे तीन पैलू आहेत; प्रत्येकाला आपली जागा. आज खरेदीच्या संकेतस्थळावर आपण किंमत, रंग, माप अशा वेगवेगळ्या चाळण्या लावतो, तिथे हेच पैलूंचं तत्त्व काम करत असतं. याच रंगनाथन यांनी १९६२ साली भारतीय सांख्यिकी संस्थेत, बंगळूरमध्ये, प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र उभं केलं. तिथे आजही या विषयाची पदव्युत्तर पदवी मिळते.

मग गूगल आलं, आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली, ‘आता ग्रंथपाल कशाला?’ हा सध्याचा सर्वांत लाडका गैरसमज. गूगलचाच इतिहास बघू. युजीन गारफिल्ड या रसायनशास्त्राच्या पदवीधराने १९५४ साली कोलंबिया विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली. कोणता शोधनिबंध कोणत्या निबंधाचा दाखला देतो, याची प्रचंड सूची त्यांनी १९६४ साली प्रत्यक्षात आणली. ज्याचे दाखले जास्त दिले जातात त्याचं वजन जास्त, हा विचार त्यातून रुजला. १९९८ साली गूगलच्या संस्थापकांनी वेबपानांना क्रम लावण्याची आपली पद्धत मांडली, तेव्हा दाखल्यांच्या याच अभ्यासाचा आधार घेतला. ज्या यंत्रामुळे हे शास्त्र संपलं असं म्हणतात, त्या यंत्राच्या पायात हे शास्त्र आहे.

शिवाय साधनं वाढली तशी पारख करण्याची गरज वाढली. संवादी कृत्रिम बुद्धिमत्ता कधी कधी अस्तित्वात नसलेल्या लेखांची नावं लेखक-नियतकालिकासह रचून देते, आणि ती यादी घेऊन संशोधक ग्रंथालयात येतात. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं हा तर जुनाच रोग. त्यावर उपाय म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘केअर’ यादी सुरू केली. तिचा कक्ष सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादी बंद झाली आणि नियतकालिकं पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आली. संस्थेत ती कोण पार पाडणार? आयोगाच्या २०१८च्या नियमांपासून प्रबंधांची वाङ्मयचौर्य तपासणी बंधनकारक आहे. ती बहुतेक ठिकाणी ग्रंथालयातच होते. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३००हून अधिक सरकारी संस्था. पण तालुक्याच्या महाविद्यालयातल्या मुलीला त्या १३,००० मधून आपल्या कामाचा लेख काढायला कुणी शिकवलं नाही, तर तिच्यासाठी ही योजना नसल्यातच जमा.

नोकरीबद्दल दोन टोकांचे समज आहेत आणि दोन्ही चुकीचे. एक, ‘यात काही पैसा नाही.’ महाविद्यालयीन ग्रंथपालाची प्रवेशपातळी सहायक प्राध्यापकाइतकीच आहे. सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. दोन, ‘एम.लिब. झालं की नोकरी पक्की.’ या पदासाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के आणि त्यावर नेट किंवा सेट, नाहीतर नियमात बसणारी पीएच.डी. लागते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा पुणे विद्यापीठ घेतं. एवढं करूनही मंजूर पदांची भरती वर्षानुवर्षं रखडते आणि तासिकेवर, कंत्राटावर दिवस काढावे लागतात. सार्वजनिक ग्रंथालयांची स्थिती आणखी कठीण. १९६७च्या कायद्यानुसार अ, ब, क, ड वर्गांत ती अनुदानावर चालतात. तिथले सेवक सरकारी कर्मचारी नाहीत आणि त्यांना वेतनश्रेणी नाही. हा अन्याय आहे आणि तो पदवीच्या माहितीपत्रकात लिहिलेला नसतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो: कोहा, डीस्पेस यांसारख्या ग्रंथालयाच्या मुक्त संगणकप्रणाली स्वतः बसवून चालवायला शिका. बँका, औषधकंपन्या, विधिसंस्था, वृत्तपत्रांचे संग्रह, अभिलेखागारं इथे तेच कौशल्य विचारलं जातं.

पदव्यांची नावं सारखी वाटतात, त्यातूनही घोटाळा होतो. काही महिन्यांचा ग्रंथपालन प्रमाणपत्र वर्ग लहान सार्वजनिक ग्रंथालयासाठी पुरतो. बी.लिब. ही पदवीनंतरची व्यावसायिक पदवी, एम.लिब. त्यानंतरची, काही ठिकाणी दोन्ही मिळून सलग दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. दूरशिक्षणातून घेतलेली पदवी कमी दर्जाची, हाही समजच. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने स्पष्ट केलं आहे. फक्त त्या वर्षी, त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, हे आयोगाच्या संकेतस्थळावर पाहून मगच शुल्क भरावं. प्रत्यक्ष सरावासाठी जवळच्या ग्रंथालयात स्वतःहून वेळ द्यावा लागेल, त्याची तयारीही ठेवावी.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी तर नीट बघावं. तिथे ग्रंथपाल व्हायचं तर अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची मान्यता असलेली पदवी सामान्यतः मागतात. बर्कलीच्या विद्यापीठाने १९९०च्या दशकात आपलं जुनं ग्रंथालयशास्त्राचं विद्यालय बदलून माहितीचं नवं विद्यालय काढलं. तिथली माहिती-व्यवस्थापनाची पदवी नामांकित आहे, तिचे पदवीधर तंत्रज्ञान कंपन्यांत जातात. पण ती त्या असोसिएशनची मान्यताप्राप्त पदवी नव्हे. मिशिगनमध्ये दोन्ही वाटा एकाच विद्यालयातून निघतात. प्रवेशअर्ज भरण्याआधी आपल्याला कोणत्या खुर्चीवर बसायचं आहे ते ठरवावं आणि त्या खुर्चीच्या जाहिरातीत कोणती पदवी मागतात, ते शब्दशः वाचावं.