रांग कुणाची, लस कुणाची?

मे २०२१ मधली सकाळ. निर्बंधांमुळे पुण्याचे रस्ते ओस पडले होते आणि मी चिरंजीवांना शेजारी बसवून भोरच्या दिशेने गाडी हाकत होतो. लग्नाला नाही, देवदर्शनालाही नाही. लस टोचून घ्यायला! ज्या शहरात हडपसर-मांजरीला लशीच्या कुप्या तयार होत होत्या, त्याच शहरातला माणूस लशीसाठी घाटाच्या वाटेला लागला होता.

त्याचं असं झालं. १६ जानेवारी २०२१ ला देशात लसीकरण सुरू झालं ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासून. १ मार्चला साठीच्या पुढच्यांचा नंबर लागला, तेव्हा सौ. आणि मी महापालिकेच्या दवाखान्यात रीतसर रांगेत उभं राहून पहिला डोस घेतला. १ एप्रिलला पंचेचाळीसच्या पुढच्यांना दार उघडलं आणि १ मेपासून अठरा वर्षांवरच्या सर्वांना. मात्र १८ ते ४४ वयोगटाला एक अट होती. ‘कोविन’वर आधी नोंदणी आणि वेळेचं आरक्षण हवं, नुसतं केंद्रावर जाऊन भागणार नव्हतं.

आरक्षण म्हणजे काय प्रकार, ते ज्यांच्या घरात तरुण मुलं होती त्यांना सांगायला नको. आमचे चिरंजीव संगणक आणि मोबाइल दोन्ही मांडून बसत. हिरवी चौकट दिसायची, बोट टेकेपर्यंत लाल व्हायची. चौथ्या दिवशी तो ओरडला, ‘‘बाबा, मिळाली! पण पुण्यात नाही, भोरच्या पुढे.’’ जिल्हा तोच, तेव्हा नियमात काही बसत नव्हतं असं नाही. आम्ही निघालो.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात पाच-सहा मोटारी आधीच उभ्या होत्या. सगळ्या शहरातल्या. फाटकाबाहेर चिंचेच्या सावलीत गावातली माणसं बसली होती. त्यातला तिशीचा एक जण उठून पुढे आला.

‘‘कुठलं म्हणायचं साहेब?’’

‘‘पुण्याचे.’’

‘‘मंग पुण्यात न्हाई का मिळत?’’

मी काहीतरी पुटपुटलो. तो दोन दिवस मजुरी बुडवून आला होता. फोन साधा, बटणांचा. आतल्या सिस्टरांनी त्याला समजावलं, ‘‘दादा, यादीत नाव नसेल तर मला टोचता येत नाही हो.’’ त्यांचाही आवाज थकलेला होता. यादी काही त्यांनी केलेली नव्हती. चिरंजीवांचं नाव यादीत होतं. दहा मिनिटांत काम झालं, अर्धा तास बाकावर बसून आम्ही परत फिरलो. फाटकातून गाडी काढताना मी काच वर केली. उन्हामुळे, असं मी स्वतःला सांगितलं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मुलगाच म्हणाला, ‘‘माझी बोटं त्याच्यापेक्षा जलद चालतात, एवढंच ना बाबा?’’

एवढंच होतं. लस थोडी आणि घेणारे फार, अशा वेळी रांग लागणारच. पण रांग कुठे लावायची, हे ठरवलं की पुढे कोण उभा राहणार तेही ठरून जातं. फोनात रांग लावली आणि फोनवाला पुढे गेला. कुणी कायदा मोडला नाही, कुणी वशिला लावला नाही, तरी गावच्या वाट्याच्या कुप्या शहराच्या दंडात गेल्या. ही दरी सर्वोच्च न्यायालयानेही मेअखेरच्या आदेशात केंद्र सरकारपुढे ठेवली. त्याआधी २४ मे रोजी केंद्राने सरकारी केंद्रांवर या वयोगटाची जागेवर नोंदणी करण्यास मुभा दिली होती. २१ जूनपासून अठरा वर्षांवरच्या सर्वांसाठी केंद्राची मोफत लस आली आणि आगाऊ आरक्षणाचा जाच सुटला.

लस आणि माणूस यांच्यामधलं अंतर आपल्याला नवं नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा डॉ. हाफकिन यांनी लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्या काळी लोकांना सुईचं भय होतं. त्यांना समजावून आणावं लागे. आमच्या वेळी माणसं आपणहून फाटकाशी येऊन बसली होती आणि आपण त्यांना परत पाठवत होतो.

घरी पोचलो तेव्हा धुण्याभांड्याच्या मावशी काम आटपत होत्या. वय चाळिसाच्या आतबाहेर, म्हणजे त्याच वयोगटातल्या. कोविनवर एका फोन नंबरावर चार नावं घालता येत. आमच्या नंबरावर तीन होती. चौथी जागा दोन महिने रिकामी होती आणि रोज घरात येणाऱ्या या बाईचं नाव आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. गावातल्या त्या माणसापुढे मान खाली गेली होती. आता ती आणखी खाली गेली.

त्याच दिवशी त्यांचं नाव घातलं. पण १२ मे रोजी, पंचेचाळीसच्या पुढच्यांना दुसरा डोस पुरावा म्हणून, राज्याने १८ ते ४४ चं लसीकरण थांबवलं. मावशींना लस मिळाली ती जूनअखेर, वस्तीजवळच्या केंद्रावर, पहाटे पाचपासून टोकनसाठी उभं राहून.

‘‘मला सांगायचं होतंत, मोबाइलवर पाहिलं असतं,’’ सौ. म्हणाली.

मावशी पदराने घाम पुसत हसल्या. ‘‘काकू, रांगेत उभं राहायचं भ्या न्हाई मला. पुढं किती माणसं हायेत ते दिसतं तरी. तुमच्या त्या फोनातल्या रांगेचं शेपूटच घावत न्हाई.’’

त्या भांडी घासायला वळल्या. डावा दंड दुखत होता, तरी नेहमीच्याच वेगाने. सौ. उठली आणि त्यांच्या हातातलं पातेलं तिने काढून घेतलं.