टाच नेमकी कोणाची? पुरुषांच्या उंच टाचेच्या बुटांची गोष्ट



उंच टाचेचे बूट म्हटले की डोळ्यांसमोर कोण येतं? लग्नाला निघालेली ताई, सिनेमातली नटी, नाहीतर शहरात ऑफिसला जाणारी एखादी बाई. पुरुष काही येत नाही. पण आजकाल मोबाइलवर असे बूट घालून रोजच्या कामाला जाणारे पुरुषसुद्धा दिसतात. असा फोटो वर्गात कोणी पाहिला की खसखस पिकते आणि एखादा तरी म्हणतोच, "ह्येना चेडवांचे बूट घातल्यान!"

हसण्याआधी आपण एक प्रश्न विचारूया. हे बूट 'चेडवांचे' कधीपासून झाले? कारण आज आपण ज्याला हाय हील म्हणतो, त्या टाचेची गोष्ट सुरू होते ती पुरुषांपासून, आणि तीही घोड्याच्या पाठीवर.

रिकीब आणि टाच

घोडेस्वार ज्यात पाय अडकवतो त्या लोखंडी कड्याला मराठीत रिकीब म्हणतात. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसी ही इराणची भाषा, आणि टाचेच्या बुटाची गोष्टही इराणचीच आहे.

इराणचे स्वार धनुष्यबाण चालवण्यात पटाईत होते. धावत्या घोड्यावरून नेम धरायचा तर बसून जमत नाही. रिकिबीत उभं राहावं लागतं. अशा वेळी पाय पुढे सरकला तर स्वार खालीच येणार. म्हणून बुटाला मागे टाच लावली. ती रिकिबीच्या कड्याला अडकायची, पाय जागच्या जागी राहायचा आणि दोन्ही हात बाण सोडायला मोकळे व्हायचे. म्हणजे ही टाच नटण्यासाठी नव्हती. ते लढाईचं साधन होतं.

आपण मराठीत 'घोड्याला टाच मारली' म्हणतो. ती टाच पायाची. पण घोडा आणि टाच यांचं नातं किती जुनं आहे, हे त्या शब्दांतूनही कळतं.

इराणहून युरोपात

१५९९ साली इराणचा बादशहा शाह अब्बास याने युरोपातल्या राजांकडे आपले वकील पाठवले. त्या काळात युरोपात इराणी वस्तूंचं आणि पोशाखाचं मोठं आकर्षण निर्माण झालं. तिथल्या सरदारांनी टाचेचे बूट उचलले. घोड्यावर बसणारा, शूर, खानदानी पुरुष अशी त्या टाचेची ओळख झाली.

मग चढाओढ लागली. खालच्या थरातले लोकही टाचा घालू लागले, तशा सरदारांनी आपल्या टाचा आणखी उंच केल्या. उंच टाच घालून चिखलातून चालता येत नाही, ओझं उचलता येत नाही, शेतात तर पाऊलही टाकता येत नाही. आणि नेमकं तेच त्यांना दाखवायचं होतं. 'मला कष्टाचं काम करावं लागत नाही,' असं ती टाच न बोलता सांगत होती.

आपल्या मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम १६६४ साली सुरू झालं. तेव्हा फ्रान्सच्या गादीवर चौदावा लुई होता. त्याच्या बुटांच्या टाचा लाल असत. लाल रंग तेव्हा महाग होता. त्याच्या दरबारात ज्यांना प्रवेश होता, त्या सरदारांनाच तशा टाचा घालण्याचा मान होता. १७०१ साली रिगो नावाच्या चित्रकाराने लुईचं एक मोठं चित्र काढलं. ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. साठी ओलांडलेला राजा त्यात पाय पुढे टाकून उभा आहे आणि लाल टाचा अगदी ठळक दिसताहेत. त्या काळी त्याला कोणी बायकी म्हटलं नाही. उलट ती राजाची ऐट होती.

मग टाच बायकांकडे कशी गेली?

१६३०च्या सुमारास युरोपातल्या काही बायका पुरुषांसारखा पोशाख करू लागल्या. कोणी केस आखूड कापले, कोणी पुरुषी टोप्या घातल्या, कोणी चिलीम ओढू लागल्या. त्याच ओघात त्यांनी टाचेचे बूटही घेतले. म्हणजे बाईने टाच घातली तेव्हा ती पुरुषाची नक्कल करत होती! आज आपण नेमकं उलटं बोलतो.

पुढे अठराव्या शतकात युरोपात विचार बदलले. पुरुषाने साधं, कामाचं, सोयीचं कपडेलत्ते वापरावं आणि नटणं-मुरडणं बायकांनी करावं, अशी वाटणी झाली. शतकाच्या मध्यापर्यंत पुरुषांनी उंच टाच जवळजवळ सोडून दिली. १७८९च्या फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तर सरदारी थाटच नकोसा झाला आणि बायकांच्याही टाचा खाली आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर उंच टाच परत आली ती मुख्यतः बायकांच्या पायात. आपल्याला माहीत आहे ती 'बायकांची टाच' एवढीच जुनी.

पुरुषांची टाच तरीही पुरती गेली नाही. अमेरिकेत गुरं राखणाऱ्या काउबॉयच्या बुटाला टाच राहिली. कारण तेच, रिकीब. स्पेनमध्ये फ्लामेंको नाचणारे पुरुष टाचेनेच जमिनीवर ताल धरतात. १९६०च्या दशकात 'बीटल्स' या गायकांच्या टाचेच्या बुटांची तरुणांना भुरळ पडली. १९७०च्या दशकात बेलबॉटम पँट आली आणि तिच्याखाली जाड तळाचे, उंच टाचेचे बूट आले. घरातले जुने फोटो काढून बघा, एखाद्या आजोबांच्या पायात कदाचित सापडतील!

आपल्याकडचं काय?

आपल्याकडे उंच पादत्राण पुरुषांनी घातलंच नाही असं नाही. खडावा आठवा. लाकडी तळ, खाली दोन उंचवटे, आणि अंगठा व शेजारचं बोट यांच्यामध्ये धरायची खुंटी. तिथे टाच वेगळी नसते, सगळा तळच उंच असतो. त्यामुळे पाय चिखलापासून वर राहतो. चामडं नसल्यामुळे सोवळ्यातही चालतात. साधुसंत खडावा घालत आणि त्यांच्या पादुकांपुढे आपण आजही डोकं टेकतो.

कोल्हापुरी चप्पल घ्या. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. चामड्याचे तुकडे एकावर एक बसवून तिची टाच करतात. ती करकर वाजवत चालणाऱ्या माणसाला आपण रुबाबदार म्हणतो. टाच आहे, आवाज आहे, ऐटही आहे. पण 'बायकी' हा शब्द कोणाच्या तोंडी येत नाही. का? कारण ती बघायची आपल्या डोळ्यांना सवय आहे.

देवबागच्या वाळूत हिशोब करूया

आता थोडं विज्ञान. आपलं देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. इथे टोकदार टाच घालून चाललं तर ती वाळूत रुतते. असं का होतं?

समजा, माणसाचं वजन ६० किलो आहे आणि एका क्षणी त्यातला ३० किलो भार एका पायावर आला.

• सपाट चपलेचा तळ साधारण १५० चौरस सेंटिमीटर धरला, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ०.२ किलो, म्हणजे २०० ग्रॅम भार.
• पुरुषांच्या बुटाची रुंद टाच ३६ चौरस सेंटिमीटर धरली आणि सगळा भार तिच्यावर आला, तर सुमारे ८३० ग्रॅम.
• टोकदार टाच १ चौरस सेंटिमीटर धरली, तर तेवढ्याशा जागेवर पूर्ण ३० किलो!

भार तोच, जागा कमी, म्हणून दाब जास्त. उंटाचे पाय पसरट का असतात, ते आता तुम्हीच सांगा.

आणखी एक गोष्ट. टाच उंच असली की शरीराचा भार पुढच्या बोटांवर येतो, पोटरीवर ताण पडतो आणि घोटा मुरगळण्याची भीती वाढते. वाढत्या वयात तर रोज असे बूट नकोतच. पण हे मुलग्यांना जेवढं लागू, तेवढंच मुलींनाही. हाडांना मुलगा-मुलगी कळत नाही.

शेवटी महत्त्वाचं

बूट योग्य की अयोग्य हे ठरवायला दोनच प्रश्न पुरेत: पायाला त्रास होतो का? आणि जिथे चालायचं त्या जमिनीला तो चालतो का? 'हा बायकांचा की पुरुषांचा' हा प्रश्न माणसांनी ठरवलेला आहे आणि त्याचं उत्तर दर शे-दोनशे वर्षांनी बदलत आलं आहे.

आपल्या दशावतारात पुरुष लुगडं नेसून, बांगड्या भरून राणी होतो आणि अख्खा गाव पहाटेपर्यंत त्याचं काम बघत बसतो. त्या कलाकाराचा आपण मान ठेवतो. मग वर्गातल्या एखाद्या मुलाला बुटावरून, केसांवरून, शर्टाच्या रंगावरून 'चेडू' म्हणून चिडवताना आपली जीभ का अडखळत नाही? आपल्याला ती दोन मिनिटांची गंमत वाटते. त्याला मात्र दुसऱ्या दिवशी शाळेत यावंसं वाटत नाही. आणि 'चेडू' ही शिवी कशी काय झाली, हे वर्गातल्या मुलींनाही एकदा विचारून बघा.

करून बघा

१. चौकटीच्या कागदावर आपलं पाऊल आणि चपलेची टाच आखून दोन्हींचं क्षेत्रफळ मोजा.
२. वाळूत अनवाणी, चप्पल घालून आणि एका टाचेवर उभे राहा. तिन्ही खड्ड्यांची खोली पट्टीने मोजून वहीत लिहा.
३. आजी-आजोबांना विचारा: त्यांच्या लहानपणी पायात काय असायचं? खडावा कोणी घालायचं का? ऐकलेलं दहा ओळींत लिहून आणा.