बाटली चेपू नका

आयर्लंडमधल्या मोठ्या सुपरमार्केटच्या दाराशी आता एक जादा रांग असते. हातात फुगलेल्या पिशव्या आणि पिशव्यांत रिकाम्या बाटल्या नि कॅन. भिंतीतल्या मशीनच्या गोल तोंडात माणूस एकेक बाटली सारतो. मशीन ती फिरवून बघतं आणि गिळतं, नाहीतर परत ढकलतं. परत आलेली बाटली तो पुसतो, उलटी करून पुन्हा घालतो. ती पुन्हा बाहेर येते. मागचा माणूस घड्याळाकडे बघतो. तेवढ्यात पडद्यावर सूचना येते की आतला डबा भरलाय, कर्मचाऱ्याला बोलवा. कर्मचारी गल्ल्यावर अडकलेला असतो.

हे सगळं १५ सेंटसाठी.

१ फेब्रुवारी २०२४ पासून आयर्लंडमध्ये पाणी, बिअर, सरबत, कोला अशा पेयांच्या प्लास्टिक बाटल्यांवर आणि धातूच्या कॅनवर डिपॉझिट द्यावं लागतं. १५० ते ५०० मिलिलिटरपर्यंत १५ सेंट आणि त्याहून मोठ्या, तीन लिटरपर्यंतच्या बाटलीवर २५ सेंट. २४ कॅनचा खोका घेतला की बिलात ३ युरो ६० सेंट जास्त लागतात. रिकामे कॅन परत केले की ते परत मिळतात. योजना ‘री-टर्न’ नावाची ना-नफा कंपनी चालवते. काचेच्या आणि दुधाच्या बाटल्या योजनेबाहेर आहेत.

सांगायला इतकं सोपं. तरीही पहिल्या दिवसापासून या योजनेवर तिथले लोक जेवढे वैतागले, तेवढे क्वचितच एखाद्या पर्यावरणाच्या नियमावर वैतागले असतील. तक्रारी खऱ्या आहेत. पण एकेक तक्रार हातात घेऊन मागे मागे गेलं, की ती यंत्रणेच्या एखाद्या ठरावीक पुर्ज्याशी जाऊन थांबते. तो पुर्जा काढून टाकला तर तक्रार मिटेल, पण पैशाचा हिशोब कोसळेल.

आधी पैसे कुठून कुठे जातात ते पाहू. कंपनी बाजारात जितक्या बाटल्या आणते, तितक्यांचं डिपॉझिट ती री-टर्नकडे भरते. दुकानदार माल घेताना ते कंपनीला देतो आणि गिऱ्हाईक दुकानदाराला. बाटली परत आली की दुकानदार गिऱ्हाइकाला पैसे देतो आणि त्या नोंदीवर री-टर्न दुकानदाराची भरपाई करते. त्याला प्रत्येक नगामागे थोडं हाताळणी शुल्कही मिळतं. म्हणजे वर्तुळ पूर्ण होतं ते एका गोष्टीवर: परत आलेली बाटली डिपॉझिट भरलेल्यांपैकीच आहे आणि तिचे पैसे आधी कुणी घेतलेले नाहीत, याची खात्री. रिकामी बाटली आता कचरा उरलेली नाही. तिच्यावर १५ सेंट लिहिलेले आहेत, म्हणून तिची नोटेसारखी पारख करावी लागते.

ही पारख मशीन करतं. आत गेलेली बाटली ते पट्ट्यावर फिरवतं, बारकोड शोधतं, आकार, वजन आणि धातू की प्लास्टिक हे तपासतं. आत पेय उरलं असेल तर वजन जुळत नाही आणि बाटली परत येते. बारकोड नोंदणीच्या यादीत असेल, आकार त्या बारकोडच्या मालाशी जुळत असेल, तरच पैसे जमा होतात. पुढच्याच क्षणी मशीन ती बाटली दाबून चपटी करतं. जागा वाचते हे एक कारण झालं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: चपटी झालेली बाटली मागच्या दाराने काढून पुन्हा पुढच्या तोंडात घालता येत नाही.

लोकांना सर्वांत जास्त खुपणारा नियम इथूनच येतो. बाटली चेपायची नाही. वर्षानुवर्षं या लोकांना सांगितलं गेलं होतं की बाटली चेपा, म्हणजे पुनर्वापराच्या हिरव्या डब्यात जास्त मावतील. आता स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात हवेने भरलेल्या बाटल्यांची पिशवी आठवडाभर पडून असते आणि छोट्या फ्लॅटमध्ये ती खुर्चीएवढी जागा खाते. कारण मात्र साधं आहे. चुरगळलेल्या बाटलीवरचा बारकोड घडीत जातो आणि आकार जुळत नाही.

आपल्याकडचा भंगारवाला हे ऐकून हसेल. तो पेट प्लास्टिकच्या बाटल्या किलोवर घेतो, चेपलेल्या असल्या तर अधिक खुशीने. बाटली कुठल्या कंपनीची, कुठे विकली गेली, याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं, कारण तो त्यातल्या मालाचे पैसे देतो. आयर्लंडचं मशीन मालाचे पैसे देत नाही, आधी भरलेले परत देतं. एका रिकाम्या कॅनमधलं ॲल्युमिनियम १५ सेंटांचं नसतंच. वजनावर चालणाऱ्या धंद्याला ओळखपत्र लागत नाही. नगावर चालणाऱ्याला लागतं.

ओळखपत्राची गरज सीमेवर तर फारच जाणवते. उत्तर आयर्लंड युनायटेड किंगडममध्ये आहे, आणि आयर्लंडची योजना सुरू झाली तेव्हा तिथे अशी योजना नव्हती. सीमा उघडी आहे. सीमेपलीकडच्या न्यूरीत कॅनवर डिपॉझिट लागत नाही, अलीकडच्या डन्डॉकमध्ये लागतं, आणि दोन्ही गावांत गाडीने अर्ध्या तासाचंही अंतर नाही. तिकडे स्वस्तात घेतलेले कॅन इकडे मशीनमध्ये घालून पैसे काढता आले असते, तर महिन्याभरात योजनेची तिजोरी गळायला लागली असती. म्हणून योजनेतल्या मालावर री-टर्नचं चिन्ह आणि नोंदलेला बारकोड हवाच.

पहिल्या चार महिन्यांचा गोंधळही याच अटीमुळे झाला. दुकानांत जुना माल पडून होता. ३१ मे २०२४ पर्यंत तो विकायला मुभा दिली होती. त्यामुळे एकाच कंपनीचं एकच पेय, एका कॅनवर चिन्ह आणि डिपॉझिट, शेजारच्या कॅनवर दोन्ही नाही. लोक साठवलेल्या बाटल्या घेऊन मोठ्या उत्साहाने आले आणि निम्म्या घेऊन परत गेले. योजना बदनाम झाली ती तेव्हा. माझ्या मते हा भाग टाळता आला असता. निदान तितक्या मुकाट्याने लोकांवर ढकलायला नको होता.

आता भरलेल्या डब्याकडे. छोट्या दुकानातलं मशीन कपाटाएवढं असतं. बाटल्या दाबल्या तरी आतला डबा लवकर भरतो, आणि तो रिकामा करायला माणूस लागतो. सुट्टीनंतरच्या दिवशी, किंवा मोठा सामना झाल्यावर, सगळे एकाच वेळी येतात. मशीन थांबतं आणि लोक चिडतात. दुकानदाराच्या बाजूने पाहिलं तर विक्रीसाठी भाड्याने घेतलेल्या जागेतला एक कोपरा आता चिकट बाटल्यांना गेलेला असतो. २५० चौरस मीटरहून लहान दुकानाला परतीच्या कामातून सूट मागता येते. पण डिपॉझिट घेणं त्यालाही चुकत नाही. म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात पैसे भरायचे आणि परत मिळवायला मोठ्या दुकानापर्यंत जायचं. गाडी नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला, किंवा ज्याच्या हातांना जड पिशवी पेलत नाही त्याला, १५ सेंट परत मिळवणं ही खरोखरची मेहनत असते. या तक्रारीवर मला तरी पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही.

मशीन पैशांऐवजी छापील व्हाउचर देतं. ज्या दुकानातलं व्हाउचर, त्याच दुकानात ते वटतं. खरेदीत वळतं करा किंवा गल्ल्यावर रोख मागा, दोन्ही चालतं. पण रोख मिळते हे अनेकांना ठाऊक नसतं, आणि गल्ल्यावर पुन्हा रांग असते.

सर्वांत कडवट प्रश्न वेगळाच आहे. आयर्लंडमध्ये घरचा कचरा खासगी कंपन्या उचलतात आणि त्याचे पैसे घरं देतात. लोक विचारतात, हिरव्या डब्याचे पैसे आम्ही भरतोच, बाटल्या त्यातच टाकत होतो, मग आता त्या वाहून नेण्याची हमाली आमच्याकडे का? वर ॲल्युमिनियमसारखा चांगला भाव मिळणारा माल हातातून गेल्यामुळे कचरा उचलणाऱ्या कंपन्याही नाराज. याचं उत्तर आहे युरोपीय संघाच्या २०१९ च्या कायद्यात. प्लास्टिकच्या पेयबाटल्यांपैकी ७७ टक्के २०२५ पर्यंत आणि ९० टक्के २०२९ पर्यंत वेगळ्या गोळा झाल्या पाहिजेत. नव्या बाटल्यांत २०३० पासून ३० टक्के पुनर्वापराचं प्लास्टिक हवं. घरातला डबा कितीही चांगला चालला तरी बागेत, बसथांब्यावर, मैदानात फेकलेली बाटली त्यात पोचत नाही. शिवाय मिश्र डब्यातली बाटली उष्ट्या डब्यांच्या संगतीत मळते, तिच्यापासून पुन्हा पेयाची बाटली करणं अवघड जातं. बाटलीवर पैसे लावले की ती रस्त्यावर फार वेळ पडून राहत नाही. टाकणाऱ्याने नाही उचलली तर दुसरा कुणी उचलतो. डब्लिनमध्ये आणि अशीच योजना असलेल्या ॲम्स्टरडॅममध्ये लोक कचराकुंड्या उपसून कॅन काढतात, उरलेला कचरा फुटपाथवर येतो, आणि तक्रारींच्या यादीत आणखी एक भर पडते.

परत न आलेल्या बाटल्यांचे पैसे योजनेकडेच राहतात आणि तिचा खर्च भागवायला वापरले जातात. हे कळलं की लोकांचा संशय वाढतो: मशीन बंद पडलं तर फायदा कुणाचा? संशय तर्काला धरून आहे, पण यात एक मेख आहे. ९० टक्क्यांचं लक्ष्य गाठायचं असेल, तर हे न घेतलेले पैसे कमी कमी होत जाणार आणि योजनेला ते भरून काढायला कंपन्यांकडून जास्त शुल्क घ्यावं लागणार. पहिल्या वर्षभरात सुमारे शंभर कोटी बाटल्या आणि कॅन परत आले. शिव्या देत का होईना, लोक आले.

जर्मनीने हा त्रास आधी काढला आहे, तोही जास्त वाईट पद्धतीने. तिथे २००३ च्या जानेवारीत कॅन आणि एकदाच वापरायच्या बाटल्यांवर डिपॉझिट आलं, तेव्हा अनेक दुकानसाखळ्यांनी वेगवेगळ्या आकाराच्या बाटल्या करून फक्त स्वतःच्याच परत घ्यायला सुरुवात केली. कुठली बाटली कुठे न्यायची हे लोकांनी लक्षात ठेवायचं. २००६ मध्ये ती पळवाट बंद झाली. आयर्लंडने हा धडा घेतला आणि कुठेही घ्या, कुठेही परत करा, हे पहिल्यापासून ठरवलं. काच मात्र घेतली नाही. ती जड असते आणि फुटते. स्कॉटलंडने काच घ्यायची म्हटली आणि २०२३ मध्ये लंडनच्या सरकारशी त्याच वादात तिथली योजना बारगळली.

महाराष्ट्राने २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत पेट बाटल्यांवर परतावा किंमत छापायचं ठरवलं होतं. ती पद्धत रुजली नाही. बाटली परत घेणार कोण, तिला ठेवणार कुठे, खरी-खोटी पाहणार कोण, हे नीट उभंच राहिलं नाही. गोव्याने २०२४ मध्ये डिपॉझिट परताव्याची योजना अधिसूचित केली, त्यामुळे हे सगळे प्रश्न तिथल्या दुकानदारांसमोर येणार आहेत. तमिळनाडूत ते आधीच आले. निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून सरकारी दारूच्या दुकानात बाटलीमागे दहा रुपये जास्त घेतात आणि रिकामी बाटली आणली की परत देतात. डोंगरात फुटक्या काचा हत्तींच्या पायात जाऊ नयेत म्हणून उच्च न्यायालयाच्या दबावाखाली हे सुरू झालं आणि बहुतेक बाटल्या परत येऊ लागल्या. तिथे मशीन नाही. बाटलीवर चिकटवायचा कागद विक्रेत्याने लावायचा, परत आलेली बाटली त्यानेच तपासायची, पैसे मोजून द्यायचे आणि पोती दुकानातच रचून ठेवायची. गिऱ्हाइकाची रांग एकीकडे, रिकाम्या बाटल्यांची दुसरीकडे. ही योजना इतर जिल्ह्यांत पोचली तसे तिथले कर्मचारी जागा द्या, माणसं द्या म्हणत रस्त्यावर उतरले.