ग्रंथशोध (लेखांक ७) : ‘तुम्हाला हे म्हणायचे आहे का?’

गेल्या आठवड्यात आपण पाहिले, की ग्रंथालयाची ऑनलाइन तालिका शब्द टाइप केला तसाच शोधते. ‘माडगुळकर’ लिहिले, तर ‘माडगूळकर’ अशी नोंद असलेले एकही पुस्तक ती दाखवत नाही. पुस्तक कपाटात असते आणि वाचक मात्र ‘इथे नाही’ असे समजून परत जातो. काउंटरवरचा ग्रंथपाल अर्धवट नावावरूनही पुस्तक काढून देतो. तालिकेनेही तेवढी मदत करायलाच हवी.

ही मदत स्वतंत्र वेब सेवा म्हणून उभारता येते. तालिका वाचकाचा शब्द ठरावीक वेबपत्त्यावर पाठवते, सेवा त्याच्या जवळच्या शब्दांची छोटी यादी परत करते आणि तालिका ती ‘तुम्हाला हे म्हणायचे आहे का?’ अशी वाचकापुढे ठेवते. सॉफ्टवेअर वेगवेगळे असले तरी अनेक ग्रंथालयांना एकच सेवा पुरते.

जवळचा शब्द ओळखण्याचे गणित जुने आहे. फ्रेडरिक डॅमेराउ यांना १९६४ मध्ये आढळले, की त्यांनी तपासलेल्या चुकांपैकी ८० टक्क्यांहून अधिक चुका एकेरी होत्या : एखादे अक्षर जास्त, कमी किंवा वेगळे पडलेले, नाहीतर शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल. सोव्हिएत गणिती व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये अंतराची कल्पना मांडली. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला कमीत कमी जितके बदल लागतात, तितके त्या दोघांमधले अंतर. ‘माडगुळकर’ आणि ‘माडगूळकर’ यांच्यातले अंतर एक.

मराठीत एवढ्यावर भागत नाही. ‘युगांत’ आणि ‘युगान्त’ आपण एकच मानतो. संगणकाच्या हिशेबात अनुस्वाराच्या जागी न आणि हलन्त येतो, म्हणजे अंतर दोन होते. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले, त्याआधी ‘अ’वर अर्धचंद्र देऊन ते लिहिले जाई. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, पण संगणकाला ती वेगळी वाटतात. शिवाय १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, तरी जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ‘कांहीं’ आणि ‘नांव’ कायम आहेत आणि तालिकेत नाव मूळ पुस्तकाप्रमाणेच नोंदवायचे असते. इथे वाचकही बरोबर आणि नोंदही बरोबर, तरी दोघांची गाठ पडत नाही. म्हणून मराठी सेवेने आधी अशी रूपे एकत्र आणावीत आणि मगच अंतर मोजावे. ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाला इतर फरकांपेक्षा कमी गुण लावावेत.

सर्वांत महत्त्वाचा निर्णय शब्द कुठून घ्यायचे हा आहे. हन्स्पेलसारख्या शुद्धलेखन-तपासनिसाला लावलेल्या सामान्य शब्दकोशात लेखकांची आडनावे, गावांची नावे, जुनी शीर्षके फारशी नसतात. ग्रंथालयात तर शोध बहुधा त्यांचाच असतो. शिवाय सुचवलेल्या शब्दावर एकही पुस्तक निघाले नाही, तर वाचक दुसऱ्यांदा निराश होतो. म्हणून शब्दसंग्रह आपल्याच तालिकेतील लेखक, शीर्षक आणि विषय यांच्या नोंदींतून तयार करावा. नवी पुस्तके दाखल झाली, की तोही ताजा करावा.

बाहेरची आयती सेवा का घेऊ नये? गूगलने २००२ मध्ये आपली शोधसेवा इतर संकेतस्थळांना जोडण्यासाठी खुली केली, तेव्हा तीत शुद्धलेखन सुचवण्याची सोयही होती. मर्यादा दिवसाला १००० विचारणांची. डिसेंबर २००६ पासून नवे परवाने मिळणे थांबले आणि २००९ मध्ये ती सेवाच बंद झाली. जे तिच्यावर विसंबून होते, त्यांना दुसरी सोय शोधावी लागली. शिवाय बाहेरच्या सेवेकडे वाचकाचा प्रत्येक शोध जातो. कोण काय वाचू पाहतो, हे ग्रंथालयाच्या बाहेर जाता कामा नये.

काही पथ्ये आवश्यक आहेत. वाचकाचा शब्द परस्पर बदलू नये, फक्त पर्याय सुचवावा. सुचवण्या तीन-चारच असाव्यात. सेवेला उशीर झाला तरी मूळ शोध अडता कामा नये. विचारणांसोबत वाचकाची ओळख साठवू नये.

महाराष्ट्रातील मोठ्या ग्रंथालयांनी आपापल्या तालिकांतील शब्द एकत्र करून अशी सामायिक मराठी सेवा उभारावी आणि ती तालुक्याच्या वाचनालयांना मोफत द्यावी. यासाठी लागणारे गणित आणि मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध आहे; ग्रंथपालांनी पुढाकार घेण्याची तेवढी गरज आहे.

(पुढील आठवड्यात : एकाच लेखकाची अनेक नावे तालिकेत कशी जोडतात?)