दाणा जाड की बारीक?

अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ल्यावर नऊगजी तोफ आहे. ती पाहून विद्यार्थी विचारतात, "सर, हिच्यात दारू किती भरत?" त्याआधी, दारू कसली, हे विचारायला हवे.

आपल्या वऱ्हाडातल्या चुलीत पऱ्हाटी भडकते, बाभळीचा ओंडका सावकाश जळतो. कारण ज्वलन पृष्ठभागावर होते. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच १ मिलिमीटरचे १००० घन करा, एकूण पृष्ठफळ ६० भरेल! वजन तेच, पण वायू सुरुवातीस दहापट वेगाने निघणार. जड गोळा हलण्यापूर्वीच दाब वाढून तोफ फुटेल. म्हणून तोफेला जाड दाणा, बंदुकीला बारीक. १८६० च्या सुमारास अमेरिकेत रॉडमन यांनी तोफेच्या दाण्यांना आरपार भोके ठेवली. दाणा बाहेरून झिजतो तशी भोके रुंदावतात व वायूचा पुरवठा टिकतो. मोठी नामी युक्ती!

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी धूरविरहित दारू तयार केली. तिलाही हाच नियम लागू. परदेशात रायफलीची काडतुसे घरी भरणारे हौशी लोक निर्मात्याचा तक्ता पाहूनच दारू निवडतात. दोन दारू दिसायला सारख्या असल्या तरी जळण्याचा वेग निराळा असतो. चूक झाली तर रायफल तोंडाजवळच फुटते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार काडतुसे बनवायला परवाना लागतो. दिवाळीत फटाके उकलून, त्यांतली दारू नळीत ठासणाऱ्या मुलांजवळ तर तक्ताही नसतो.